एकतीस मीटरच्या आगरात ऐंशी मीटरचा डायपोल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली वीज आणि मोबाइल एकदमच गेले. काही गावांत ते परत यायला बरेच दिवस लागले. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका काकांनी त्या काळात मनाशी ठरवलं की पुण्यातल्या मुलाशी बोलायला पुन्हा टॉवरच्या भरवशावर राहायचं नाही. पुढे बापलेकांनी रीतसर परीक्षा देऊन हॅम रेडिओचे (हौशी बिनतारी संदेशवहनाचे) परवाने काढले, १०० वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) सेट आला, बॅटरी आणि सोलर पॅनल आलं. राहिला तो अँटेना. हे प्रकरण त्या अँटेनाच्या तारेचं आहे: किती लांब कापायची, कुठल्या गणिताने, आणि ते गणित कुठपर्यंत खरं मानायचं.

दापोली ते पुणे हवाई अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, पण मधे सह्याद्री उभा. हातातल्या व्हीएचएफ सेटचं हे काम नाही, त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. इथे सिग्नल जवळजवळ सरळ डोक्यावर फेकावा लागतो. आयनांबराचा (वातावरणातल्या विद्युतभारित वरच्या पट्ट्याचा) एफ थर ३०० किलोमीटरवर धरला, तर पुण्याला उतरायचा सिग्नल दापोलीतून साधारण ८० अंशांच्या कोनात वर जायला हवा. इतक्या उभ्या सिग्नलला तो थर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंतच परत पाठवतो, त्यावरचं सगळं अवकाशात जातं. दिवसा ही मर्यादा आपल्याकडे सहसा ७ मेगाहर्ट्झच्या वर असते, म्हणून ४० मीटर बँड (नाव तरंगलांबीवरून, फ्रिक्वेन्सी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास) चालतो. रात्र चढत जाते तशी ती उतरते, पहाटे सगळ्यात खाली असते. तेव्हा ४० मीटरवर दूरची शहरं खणखणीत येतात आणि पुणे मात्र गायब. तिथे ८० मीटर बँडच, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास, लागतो. उलट भर दुपारी ८० मीटरचा सिग्नल खालच्या डी थरात जिरतो. म्हणजे दोन्ही बँड हवेत. भारतात आपल्याला ७.००० ते ७.२०० आणि ३.५०० ते ३.७०० मेगाहर्ट्झ मिळतात. ३.८९० ते ३.९०० अशी आणखी एक चिंचोळी पट्टी आहे, ती इथे सोडून दिली.

जागा

आगर लांबट, पण वादळाने बरेच माड आणि पोफळी झोपवल्या. कप्पी बांधण्याजोगे, घराजवळचे आणि एका रेषेत येणारे दोन माड उरले. बुंध्यापासून बुंध्यापर्यंत टेपने मोजलेलं अंतर ३१ मीटर. तार माडाला चिकटून चालत नाही, वाऱ्यात झावळ्या घासतात. दोन्हीकडे दीड-दीड मीटर दोरी सोडली की तारेला आडवे मिळतात २८ मीटर.

उंचीबद्दल काकांचा आग्रह होता की माडावर चढणारा गडी आहेच, तर पार शेंड्यापर्यंत जाऊ. त्याची गरज नव्हती. ३.६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ८३ मीटर. १० मीटर उंची म्हणजे तिचा आठवा हिस्सासुद्धा नाही, आणि एवढ्या खाली टांगलेला डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या पायांची तार) जवळजवळ सगळी शक्ती वरच फेकतो. इथे तेच पाहिजे आहे. पाचेक हजार किलोमीटरवरची स्टेशनं पकडायची असती तर वेगळा विचार केला असता. शेंड्याला बांधलं तर माड डोलतो तेवढी तारही ताणली जाते, आणि दर वेळी नारळ उतरवताना गुंता होतो तो निराळाच. १० मीटर ठरलं.

बाकीचे पर्याय फार वेळ टिकले नाहीत. उलट्या एलसारखी तार, थोडी उभी आणि उरलेली आडवी, जागेत बसली असती. पण तिच्या उभ्या भागाची शक्ती क्षितिजाकडे जाते, शिवाय तिला जमिनीत रेडियल, म्हणजे बुडापासून चहूकडे जाणाऱ्या, तारा पसराव्या लागतात. आगरात पाट काढणं आणि खणणं वर्षभर चालू असतं. दुसरा पर्याय एका टोकाने फीड करायची २० मीटरची तार, पुढे ११० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि कॉइलपुढे दोनेक मीटरचं शेपूट. हल्ली तयार मिळतो. ४० मीटरवर तो छान चालतो, पण ८०वर त्याची उपयोगी रुंदी अगदी थोडी असते आणि शेपटात सेंटीमीटरभर फरक झाला की कित्येक किलोहर्ट्झ सरकतात. वादळात दोरी सैल झाली, तर तो परत जुळवायला नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) घेऊन कोण बसणार? पूर्ण लांबीचा डायपोल, टोकं खाली सोडलेली, हाच निर्णय झाला.

पहिलं गणित

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ४६८ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर फुटांत. मीटरमध्ये हवं तर ४६८ला ०.३०४८ने गुणायचं, १४२.६५ येतात. काकांनी बँडचा मध्य ३.६ धरून भागाकार केला: ३९.६२ मीटर, म्हणजे एक पाय १९.८१. ४० मीटरसाठी ७.१ने भागून २०.०९, एक पाय १०.०५. हे सगळं वहीत सेंटीमीटरपर्यंत लिहून ठेवलेलं होतं आणि ते तेवढंच कापायला निघाले होते.

इथे थांबणं गरजेचं होतं, कारण १४२.६५ हा काही निसर्गनियम नाही. प्रकाशाच्या वेगावरून निघणारी अर्धी तरंगलांबी १४९.९ भागिले मेगाहर्ट्झ एवढी असते. तारेच्या दोन टोकांशी थोडी कपॅसिटन्स साचते, तार म्हणजे जाडी नसलेली रेषा नव्हे, टोकाला इन्सुलेटर आणि दोरीची गाठ असते. त्या सगळ्यांची वजावट म्हणून कुणीतरी पाचेक टक्के कमी करून हा आकडा रूढ केला. तो उघड्या तांब्याच्या तारेसाठी, बऱ्यापैकी उंचीवर, सरळ ताणलेल्या डायपोलसाठी ठीक आहे. आपल्याकडे यातलं एकही नव्हतं.

तार होती ती घराच्या वायरिंगची, १.५ चौरस मिलिमीटर, पीव्हीसीच्या आवरणाची, ९० मीटरचं बंडल. दुकानात ती कधीही मिळते, समुद्राच्या खाऱ्या हवेत आवरणामुळे तांबं काळं पडत नाही, आणि दोन्ही डायपोल मिळून ६० मीटर लागत असल्याने एका बंडलात काम होऊन तार उरते. पण तारेभोवतालचं विद्युतक्षेत्र सगळ्यात तीव्र असतं ते तारेला अगदी लागून, आणि तिथेच पीव्हीसी बसलेलं असतं. त्याने लहर मंदावते. अशी तार उघड्या तारेपेक्षा दोन ते चार टक्के आखूड कापावी लागते. चार टक्के म्हणजे ८० मीटरवर दीड मीटर! त्यात उंची कमी; जमिनीतल्या प्रतिबिंबाशी जोडणी होऊन रेझोनन्स, म्हणजे तारेची स्वतःची फ्रिक्वेन्सी, आणखी टक्काभर खाली येतो. टोकं खाली वाकवल्याचा परिणाम थोडा उलट दिशेने होतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला सूत्र शोधत बसलात तर उत्तर मिळेलही, पण त्याची अनिश्चितता एखाद-दोन टक्के राहतेच, आणि ३.६वर दोन टक्के म्हणजे ७२ किलोहर्ट्झ.

तेव्हा शिंपी शिलाईत माया ठेवतो तशी तारेला ठेवायची. एका पायाला १९.८१ऐवजी २०.३० मीटर कापली, दोन्ही पाय मिळून ४०.६. वजावट आकड्यातून आधीच करायची नाही, कारण जास्तीची तार दुमडता येते. कमी पडलेली तार जोडावी लागते, आणि खाऱ्या हवेत तो जोड पहिला सडतो.

एक बारीक गोष्ट: पायाची लांबी मोजायची ती को-ॲक्सची (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलची) जाळी आणि मधली तार जिथे एकमेकींपासून वेगळ्या होतात तिथपासून. बरेच जण मधल्या डब्यातल्या बोल्टपासून मोजतात आणि डब्याच्या आत वीत-वीतभर सोललेली केबल हिशेबातच धरत नाहीत. ती वीतही पायाचाच भाग असते.

तीन वेगवेगळी उत्तरं

तार चढली. मधोमध को-ॲक्स, टोकांना चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, विजेच्या खांबाच्या ताणाला असतात ते. २८ मीटर आडवी, दोन्हीकडे सव्वासहा मीटर खाली लोंबती. काकांनी नॅनोव्हीएनए लावला आणि वैतागले. एसडब्ल्यूआरचा (शक्ती किती परत फिरते त्याचं माप, कमी तितकं बरं) डिप एका जागी, एक्स, म्हणजे रिॲक्टन्स, शून्य दाखवणारी रेघ दुसऱ्या दोन जागी, आणि मीटरला चार्जर जोडला की सगळंच हलायचं.

"अरे, रेझोनन्स म्हणजे एक्स शून्य असंच पुस्तकात आहे ना? मग यातलं खरं कुठलं?"

पुस्तकातलं बरोबर आहे, पण ते तारेच्या मध्यबिंदूशी. काका मोजत होते खोलीत, केबलच्या दुसऱ्या टोकाला. केबल तिच्या लांबीप्रमाणे इम्पिडन्स (रोध आणि एक्स मिळून) फिरवते: मध्यबिंदूशी ४० ओहम निव्वळ रोध असेल, तर खोलीत तो वेगळा रोध अधिक काही एक्स असा दिसतो, आणि एक्स भलत्याच फ्रिक्वेन्सीला शून्य होतो. त्या शून्यावरून तार कापली तर तार केबलच्या लांबीनुसार कापली जाईल, बँडनुसार नाही. एसडब्ल्यूआर मात्र केबलभर जवळपास तोच राहतो, थोडा क्षय सोडला तर. म्हणून खोलीत बसून तार जुळवायची असेल, तर एसडब्ल्यूआर सर्वांत कमी कुठे आहे एवढंच बघायचं.

हवं तर केबलच अशी कापता येते की ती इम्पिडन्स जसाच्या तसा खाली आणून दाखवेल. अर्ध्या लहरीएवढी केबल हे करते. आरजी-५८ या को-ॲक्सच्या आत लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते, म्हणजे ३.६ला अर्धी लहर २७.५ मीटर. ७.१ला १३.९, आणि त्याची दुप्पट २७.९. दोन्ही बँडांना एकच लांबी चालते! माडांच्या मध्यापासून खोलीपर्यंत वळणं धरून अंतर २५ मीटरच्या आत भरत होतं, म्हणून जुनी २० मीटरची जोडाजोड काढून अखंड २७.६ मीटर टाकली. हे जरुरीचं नव्हतं, पण काकांच्या एक्सच्या ओढीचं समाधान झालं आणि पुढचं मोजमाप सोपं गेलं.

चार्जर लावल्यावर हलणं हा वेगळाच आजार. को-ॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह परत खोलीत येत होता. म्हणजे अँटेना दोन पायांचा नव्हता, तीन पायांचा होता, आणि तिसरा पाय केबल, सेट, चार्जर आणि घराचं अर्थिंग असा कुठेही लांबत होता. ही गोष्ट निस्तरल्याशिवाय तारेची लांबी ठरवणं निरर्थक. मध्यबिंदूलाच मोठ्या फेराइट रिंगवर, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, को-ॲक्सचे बारा फेरे गुंडाळून चोक, म्हणजे त्या प्रवाहाला अडसर, बसवला. पाइपभोवती नुसत्या हवेत केबल गुंडाळायची युक्ती २० मीटर बँडला चालून जाते; ८०वर तिचा अडथळा फारच तोकडा पडतो. चोक बसल्यावर केबल हातात धरली, चार्जर लावला, काढला, डिप जागचा हलला नाही. तपासायची रीत एवढीच: केबलला हात लावून आकडा हलतो का बघा. हलत असेल तर कात्री खाली ठेवा.

कात्रीआधीचा गुणाकार

आता डिप आला ३.४२ मेगाहर्ट्झला. बँडच्याही खाली, अपेक्षेप्रमाणे. इथून पुढे सूत्राचं काम संपलं; या तारेने, या उंचीवर, या आगरात आपला आकडा स्वतः सांगितला होता:

४०.६ × ३.४२ = १३८.८५

१४२.६५च्या जागी १३८.८५. ३.६ने भागलं की ३८.५७ मीटर. म्हणजे एकूण २.०३ मीटर कमी करायची. एकूण, हे पुन्हा सांगतो. पाय दोन, म्हणून एका बाजूला एक मीटर आणि दीड सेंटीमीटर. दोन्हीकडे दोन-दोन मीटर छाटून बसलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचे डायपोल मग ३.८च्या आसपास बोलतात.

काका पट्टी आणि मार्कर घेऊन मिलिमीटरची खूण करू लागले, तेव्हा एक छोटा भागाकार करून दाखवला. ३६०० किलोहर्ट्झ भागिले ३८.६ मीटर: मीटरला ९३ किलोहर्ट्झ. ढोबळमानाने एका सेंटीमीटरला एक किलोहर्ट्झही नाही. आपण बोलतो तो आवाजच जवळपास तीन किलोहर्ट्झ रुंद असतो. गाठीत दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तर काय बिघडणार आहे! ४० मीटर बँडवर हाच हिशेब सेंटीमीटरला साडेतीन किलोहर्ट्झवर जातो, तिथे जरा लक्ष द्यायचं.

तार कापली नाही, मागे दुमडली आणि स्वतःभोवतीच घट्ट पिळून झिपटायने बांधली. दुमडलेला भाग पिळात बसलेला असला की तो लांबीत फारसा धरला जात नाही, टोक किंचित जाड झाल्यासारखं वागतं. सैल फास राहिला तर मात्र हिशेब चुकतो. पुन्हा वर चढवली: ३.५९५. पाच किलोहर्ट्झ कमी. तिथेच सोडलं.

एसडब्ल्यूआर मध्याला १.३, आणि दोनच्या आत ३.५३ ते ३.६७ पर्यंत. १४० किलोहर्ट्झ. बँड २०० रुंद आहे, त्यामुळे दोन्ही काठांना तीनच्या आसपास जातो. यात तारेचा दोष नाही. एवढ्या बारीक तारेच्या डायपोलचा एक्स ३.६च्या आसपास किलोहर्ट्झला साधारण अर्धा ओहम बदलतो. ७० किलोहर्ट्झ सरकलं की ३५ ओहम. तार दुप्पट जाड केल्याने यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. सेटमधला ट्यूनर (इम्पिडन्स जुळवणारा भाग) काठांना पुरतो. मध्य ३.६ का धरला हेही यातून कळतं: ३.५५ धरला असता तर ३.७ची बाजू ट्यूनरच्याही आवाक्याबाहेर गेली असती.

दुसरी तार आणि उधार न चालणारा आकडा

८० मीटरचा डायपोल ४० मीटरवर का चालत नाही? ७.१ला तो पूर्ण लहरीएवढा होतो, मध्यबिंदूशी इम्पिडन्स हजारो ओहमवर जातो आणि को-ॲक्स ते स्वीकारत नाही. म्हणून त्याच मध्यबिंदूला ४० मीटरचे दोन पाय खाली समांतर जोडले, प्लॅस्टिकच्या कंड्युट पाइपचे तुकडे मधे घालून ४० सेंटीमीटर अंतरावर. जो बँड असेल त्याची तार प्रवाह घेते, दुसरी बऱ्यापैकी गप्प बसते.

बऱ्यापैकीच. काका म्हणाले, आता आपला आकडा हाती आहे, १३८.८५ भागिले ७.१, १९.५६ मीटर कापू आणि मोकळे होऊ. तार तीच, आगर तेच, तर्क चुकीचा म्हणता येत नाही. तरीही माया ठेवून २०.३ मीटरच लावली. डिप आला ६.९३ला. गुणाकार: १४०.७. ८०च्या तारेचा आकडा इथे लागू पडला नाही, कारण जवळून जाणाऱ्या लांब तारेशी जोडणी होऊन धाकटीला थोडं जास्त लांब व्हावं लागलं. शिवाय ही सरळ होती, हिची टोकं वाकलेली नव्हती, आणि हिच्या लहरीच्या मापात जमीन दुप्पट दूर होती. १४०.७ भागिले ७.१, १९.८२ मीटर. दोन्हीकडून २४-२४ सेंटीमीटर दुमडले. १९.५६ कापली असती तर डिप ७.१९ला, बँडच्या पार वरच्या काठाला गेला असता आणि मग पाव मीटर तार डागत बसावी लागली असती.

धाकटी तार लागल्यावर थोरलीचा डिप जवळपास जागेवरच राहिला. जोडीने लावायच्या तारांत आधी लांब बँड जुळवायचा तो यासाठीच. धाकटीने थोरलीला फार त्रास होत नाही, थोरली हलवली की धाकटी मात्र पुन्हा बघावी लागते.

ताणाचं थोडक्यात. एक टोक माडाला कप्पीवरून पक्कं, दुसऱ्या टोकाची दोरी कप्पीवरून खाली सोडून तिला पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन. माड डोलले की कॅन वर-खाली होतो, तार तुटत नाही. मऊ तांब्याची दीड चौरस मिलिमीटर तार यापेक्षा फार जास्त ताण सोसत नाही, म्हणून मध्यभागी चोक आणि केबलच्या वजनाने पावणेदोन मीटर झोळ पडतो, तो पडू दिला. दोरी नायलॉनची; सुंभ पावसात कुजतो. लोंबती टोकं जमिनीपासून साडेचार मीटरच्या वर राहतील हे बघितलं, कारण १०० वॅटला डायपोलच्या टोकाशी शेकडो व्होल्ट असतात आणि आगरात माणसं, गुरं सगळी वावरतात. विजा चमकायला लागल्या की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, हे काकांनी दारामागे लिहूनच लावलं आहे.

पावसाळ्यानंतर

अँटेना उन्हाळ्याच्या तोंडावर चढला. दुपारी ७.१वर पुणे ५९ (अगदी स्पष्ट आणि जोरदार), रात्री ७ मेगाहर्ट्झवर पुण्याचा आवाज विरत गेला की ३.६वर जायचं, असा बापलेकांचा क्रम बसला. भर पावसात काकांनी कळवलेला आकडा ३.५६: भिजलेलं आवरण, भिजलेली जमीन, आणि वाढलेल्या झावळ्या एका टोकाशी लगट करणाऱ्या. झावळी टोकाला टेकली तर आकडा आणखी खाली जातो आणि एसडब्ल्यूआर वाऱ्यासोबत नाचतो. दोन झावळ्या उतरवल्यावर नाच थांबला. पावसाचा फरक भरून काढायला तार आखूड करायची नाही. कोरड्या दिवसांत ती मग वर जाते.

दिवाळीच्या सुमाराला सगळं वाळल्यावरही डिप ३.५९५ला परतला नाही, ३.५८वर थांबला. पंधरा किलोहर्ट्झ म्हणजे सोळाएक सेंटीमीटर. सहा-सात महिने कॅनच्या ओढीने मऊ तांबं तेवढं लांबलं होतं. दोन्ही टोकांना आठ-आठ सेंटीमीटर आणखी दुमडले. सुरुवातीला मीटरभर शेपूट छाटून टाकलं असतं तरी इथे तशी काही अडचण नव्हती, पण उलट वेळ आली असती, म्हणजे मधे कुठे तार तुटून जोड मारावा लागला असता, तर तीच दुमड उलगडून लांबी भरून काढता आली असती.

आता काकांच्या डोक्यात १६० मीटर आहे, आपल्याकडे १.८२० ते १.८६०. १४२.६५ भागिले १.८४, साडेसत्त्याहत्तर मीटर, त्यातून आवरणाचे तीन टक्के वजा. दोन माडांत ते बसत नाही. याच डायपोलच्या को-ॲक्सची जाळी आणि मधली तार खाली एकत्र जोडून, सगळा टी आकाराचा उभा अँटेना म्हणून जमिनीच्या विरुद्ध चालवता येतो. मात्र त्यासाठी मध्यबिंदूवरचा चोक काढावा लागतो किंवा त्याला वळसा घालावा लागतो, जुळवणीला वेगळी कॉइल लागते, आणि परत प्रश्न येतो तो रेडियलचा. पोफळींच्या ओळींमधून पाटाच्या कडेने चार-सहा तारा पुरता येतील असं काकांचं म्हणणं आहे. पाटाची आखणी बघून मग लांब्या काढू.